पाण्याच्या पोटात जाळ

वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे आमच्या आजीचा जाळ कायम ‘जाय’ असे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज पहाटे तिची एकच हाक यायची : ‘जाय इझला काय, पाय बरं!’ पुण्याहून आलेल्या पाहुण्याला यात कोणीतरी कुठेतरी चालत निघाल्याचा भास व्हायचा. आम्ही पोरं मात्र वाकळ तशीच अंगाभोवती गुंडाळून न्हाणीकडे पळायचो, कारण जाळ पाहायला जाणारा पहिला पोरगा बंबाला पाठ लावून शेकत बसायचा आणि पहिली बाल्टीही त्यालाच मिळायची.

बंब तांब्याचा होता, कमरेएवढा उंच. मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळा, नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा आणि हवा शिरायला खिडकी. नळ्याभोवती पाणी, पाण्याभोवती बाहेरचे भांडे. खाली तोटी, वर झाकण. नळ्यात वरून गोवरीचा तुकडा, तुराट्या, पऱ्हाट्यांची मोडलेली बोटे टाकायची. पेटला की तो घुमायचा. चूल फुंकावी लागते. बंब आपली हवा आपण ओढून घेतो, कारण त्याचा नळा हेच त्याचे धुराडे.

त्या बंबाचे मी एकदा वाटोळे केले होते. दहा वर्षांचा असेन. आजी गावाला गेलेली, बंब पेटवायचे काम माझ्याकडे. तोटी सोडून पाहिली, पाणी आले, म्हणजे बंब भरलेला आहे असे धरून नळा काठोकाठ भरला आणि पेटवून दिला. तोटी तळाशी असते, एवढे साधे गणित डोक्यात आले नाही. तळाला चार बोटे पाणी असले तरी तोटीतून धार येतेच. वरचा नळा कोरडा तापत गेला आणि डाख सुटला. जोवर धातूच्या एका बाजूला पाणी आहे तोवर त्या धातूचे तापमान शंभराच्या फार वर जात नाही. पाणी सरले की त्याला धरबंध राहत नाही आणि कथलाचा डाख तर अडीचशेच्या आतच वितळतो. घाबरून मी वरून पाण्याची बाल्टी ओतली. ते पाणी सुटलेल्या सांध्यातून सरळ इस्तवावर. वाफ, राख आणि माझी बोंब, तिन्ही एकदमच बाहेर पडली. त्या दिवसापासून घरात नियम झाला : झाकण उचलून, पाण्याला बोट लावून मगच काडी ओढायची.

हे पुस्तक त्या नळ्याविषयी आहे.

चुलीवरच्या गुंडात आणि बंबात फरक तसा एकच. चुलीत जाळ भांड्याखाली असतो, बंबात तो पाण्याच्या पोटात असतो. आता बंबाचा नळा भांड्याला जखडलेला आहे, तो सुटा केला असे समजा. त्याचा तळ बंद केला, हवेला आत उतरायला दुसरी वाट दिली, धूर जायला धुराडे दिले आणि तो कुठल्याही ड्रमात, हौदात, काहिलीत उभा बुडवला. जे साधन तयार होते त्याला मराठीत रूढ नाव नाही. मी ‘बुडीत शेगडी’ म्हणतो. बँकेत नोकरी केलेले एक स्नेही या नावाला फार हसले. बुडीत म्हटले की त्यांना कर्जच आठवते. नाव तरीही ठेवले आहे.

इंधन जाळायचे, तो जाळ पाण्याच्या पातळीखाली न्यायचा आणि उघड्या भांड्यातले पाणी तापवायचे, एवढे या साधनांचे काम. उघडे भांडे ही अट महत्त्वाची आहे. बंद भांड्यात वाफ कोंडते, मग झडपा लागतात, दाब मोजावा लागतो, बॉयलरचा कायदा येतो. उघड्या भांड्यात वाफ आपल्या वाटेने निघून जाते. म्हणून ही वस्तू तालुक्याच्या गावातला वेल्डिंगवालाही करू शकतो.

नवख्या वाचकाने आधी एक हिशेब मनात पक्का करावा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. थंडीतले १५ अंशांचे २० लिटर पाणी अंघोळीपुरते ४५ अंशांवर न्यायला ६०० किलोकॅलरी. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोमागे ढोबळमानाने ४००० किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात उतरली तर बाल्टीभर पाण्याला दीडशे ग्रॅम सरपण पुरावे, मुठीत मावतील एवढ्या काड्या. साध्या चुलीतली दहा टक्के उष्णता भांड्यात जाते असे धरण्याची पद्धत आहे. मग त्याच बाल्टीला दीड किलो सरपण लागते. उरलेला जवळजवळ सगळा जाळ भिंत, आभाळ आणि चुलीपुढे बसलेल्या बाईचे तोंड तापवत असतो. जाळ पाण्याच्या आत नेला की त्याला पळायला धुराड्याशिवाय वाट उरत नाही; नळ्याची सगळी भिंत पाण्याला टेकलेली असते. या एका युक्तीवर हे सगळे शास्त्र उभे आहे.

युक्ती फार जुनी. इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या काशाच्या भांड्यांत पोटात निखारे ठेवून पाणी तापवण्याची सोय असलेली भांडी आहेत. रशियाचा समोवार तीच गोष्ट. तुला शहरात अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे कारखाने निघाले आणि काश्मीरच्या घराघरांत आजही तो पाहायला मिळतो. समोवार म्हणजे चहा पिणारा बंब, एवढे म्हटले तरी चालेल. इंग्लंडात रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८१२च्या सुमारास आडव्या बॉयलरच्या पोटातून एक मोठा नळा नेला आणि त्यातच भट्टी ठेवली. १८४४ साली फेअरबेर्नने एकाचे दोन नळे केले. स्टीफन्सनच्या १८२९च्या ‘रॉकेट’ इंजिनात तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या. जितक्या नळ्या तितकी पाण्याला टेकणारी भिंत जास्त. आगगाडीचा वेग त्या भिंतीतून आला.

हे वऱ्हाडाला परके नाही. १८६७ साली रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली आणि पाठोपाठ कापसाचे वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. जिनाच्या आवारात पोटात जाळ घेऊन धुमसणारा बॉयलर आणि मजुराच्या नव्हे, पण मालकाच्या वाड्यात तांब्याचा बंब, हे दोघे चुलतभाऊ एकाच गावात नांदत होते. मजुराकडे चूलच. तांब्याचा बंब ही लग्नात द्यायची, वाटणीत भांडायची वस्तू होती, हे विसरून त्याच्या आठवणी काढण्यात अर्थ नाही. विदर्भात पितळेची भांडी भंडाऱ्याची, पुण्यात तांब्याचे काम तांबट आळीचे. पत्र्याचा स्वस्त बंब नंतर आला आणि त्याचे आयुष्यही पत्र्याएवढेच असे.

शब्दाची गंमत अशी की, पाण्यात आग ठेवतो तोही बंब आणि आगीवर पाणी मारतो तोही बंब. दुसऱ्याचे मूळ पोर्तुगीज ‘बोंबा’त, म्हणजे पंपात, सांगतात. दोन वैऱ्यांना एक नाव देऊन मराठी माणूस निवांत आहे.

सुटी बुडीत शेगडी मात्र खरी वाढली ती सैन्यात. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत, कचऱ्यासाठी करतात तसल्या ३२ गॅलनच्या, म्हणजे साधारण १२० लिटरच्या, पन्हाळी पत्र्याच्या पिंपांत पेट्रोलवर चालणारी शेगडी बुडवीत. पिंपाच्या काठाला ती पकडीने अडकवायची; वरच्या टाकीतून पेट्रोल थेंब-थेंब खाली गळायचे, तळाच्या कड्यासारख्या पोकळीत जळायचे आणि धूर उंच धुराड्यातून जायचा. जेवणाची थाळी-वाटी उकळत्या पाण्यात बुडवून काढायला शिपाई रांग लावत. पेटवताना थेंब जास्त पडले की भडका उडून धुराडे आकाशात जाई आणि पेटवणाऱ्याच्या भुवया त्याच्यासोबत. रॉकेलचा स्टोव्ह नीट तापण्याआधी पंप मारणाऱ्या कोणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पुढे अमेरिकेतच लाकडी टबात बसून अंघोळ करणाऱ्या हौशी मंडळींसाठी ॲल्युमिनियमच्या, लाकूड जाळणाऱ्या बुडीत शेगड्या निघाल्या. आपल्याकडे हे साधन घडले नाही याचे कारण सोपे आहे : आपल्याकडे बंब होता, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी कोणी काही घडवत नव्हते.

घडवल्या गेल्या त्या चुली. हा दुसरा पंथ, जाळ भांड्याखालीच ठेवून त्याला शिस्त लावणारा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि तो चालवणाऱ्या जे. सी. कुमारप्पांच्या वातावरणातून धुराडे असलेली मगन चूल आली. १९८३मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम घेतला. खेडोपाडी मातीच्या, सिमेंटच्या चुली बसल्या आणि त्यांतल्या कितीतरी काही वर्षांत पुन्हा फोडून जुन्या घातल्या गेल्या. पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा आणि त्यावर चालणारी साधने केली. अमेरिकेत १९८०च्या दशकात लॅरी विनिआर्स्की यांनी ‘रॉकेट स्टोव्ह’चे तंत्र मांडले. या सगळ्यांचे लक्ष स्वयंपाकावर होते. अंघोळीचे पाणी, गुरांचे पाणी, धोब्याची भट्टी, रंगाऱ्याची कढई, लग्नाघरची डेग हे विषय कोणाच्या प्रकल्पात बसत नव्हते. हळद शिजवण्याच्या काहिलीत तेवढा बदल झाला. आता बऱ्याच ठिकाणी बाहेर वाफ करून ती पिंपात सोडतात. हा तिसरा पंथ. तो चांगला आहे, पण त्याला बॉयलर लागतो.

पहिल्या दोन पंथांत खरे भांडण एका मुद्द्यावर आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. जाळ पाण्यात नेला की उष्णता वाचते, पण जाळ थंड पडतो. लाकडातून निघणारा वायू पुरता जळायला सातशे-आठशे अंश तरी लागतात; तो नळ्याच्या शंभर अंशांखालच्या भिंतीला टेकला की अर्धवट जळूनच पुढे जातो. म्हणून बंब पहिली दहा मिनिटे काळा धूर ओकतो, नळ्याच्या आत डांबरासारखा थर बसतो, आणि पाणी अगदी गार असेल तर धुरातली वाफ पाणी होऊन नळ्यातून टपकते. आजी त्याला ‘बंबाले घाम आला’ म्हणायची. म्हणजे पाणी तापवण्यात हुशार तो जाळण्यात ढ, असा हा पेच. चूलसुधारक म्हणतात, जाळाला गरम घर द्या. बंबवाले म्हणतात, जाळाला पाण्यात ठेवा. माझ्या मते दोघेही बरोबर आहेत आणि दोघांनीही एकमेकांचे ऐकलेले नाही. जाळ आधी विटांच्या किंवा राखमातीच्या अस्तरात पूर्ण पेटू द्यावा आणि मग त्याचे गरम वायू पाण्यातल्या नळ्यांतून फिरवावेत, हा मधला मार्ग आहे आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यात गेला आहे.

त्यात वऱ्हाडाचे पाणी आडवे येते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा ही गावे ज्याने पाहिली त्याला हे सांगायला नको. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. असले पाणी तापवले की क्षार सर्वांत गरम भिंतीवर बसतात, आणि पाण्यातल्या जाळाची सर्वांत गरम भिंत म्हणजे नेमका तो नळा. वर्षभरात त्याच्यावर पांढरी खपली चढते, उष्णता अडते, धातू आतून जास्त तापतो आणि झिजतो. विजेच्या रॉडचीही तीच गत होते. आमच्याकडे रॉड जळतो तो बहुधा खपलीने किंवा विसरभोळेपणाने. सौर पाणीतापकाच्या नळ्याही याच क्षारांनी चोंदतात. सुट्या शेगडीचा एक फायदा इथे कळतो : ती बाहेर काढून खपली ठोकून पाडता येते. बंबाच्या पोटात हात जात नाही.

रॉडचे नाव निघालेच आहे तर त्याचा मान त्याला द्यायला हवा. बंब घालवला तो गॅसने नव्हे, रॉडने. १५०० वॅटचा रॉड ती २० लिटरची बाल्टी अठ्ठावीस मिनिटांत तापवतो; धूर नाही, राख नाही, फुंकणे नाही. तोही पाण्याच्या पोटातच जातो, फक्त जाळ दूरच्या वीजकेंद्रात ठेवून येतो. खपली सोडली तर त्याचे दोष दोनच, भारनियमन आणि झटका. बाल्टीत हात घालून पाणी तापले का पाहणाऱ्याचा जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझरात उलटी मांडणी आहे, पाणी नळीत आणि जाळ बाहेर. बंद न्हाणीघरात त्यातून साचणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास देत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो. हा धोका बंबालाही आहे आणि बुडीत शेगडीलाही. जुनी माणसे बंब न्हाणीच्या बाहेर ठेवत ते उगाच नव्हते. या पुस्तकातले एकही साधन छपराखाली, दार लावून वापरायचे नाही, हे इथेच सांगून टाकतो.

आता कोणी विचारील, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते, तिथे हा उद्योग कशाला? मेमध्ये अर्थातच कशालाही नाही. पण डिसेंबरात सातपुड्यावरून वारा उतरतो, आणि वर चिखलदऱ्यात तर काय बोलायचे! त्यातून बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, वेचणी करून आलेल्या बाईला ऊन पाणी बाराही महिने लागते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, स्वयंपाकघरात सिलिंडर आला. अंगणातली चूल मात्र गेली नाही. कोणत्याही गावात सकाळी सहाला फिरा, आत गॅसवर चहा आणि बाहेर तीन दगडांवर अंघोळीचे पाणी. महागाचा गॅस पाण्यावर कोण जाळील? धूर कमी झाला तो ओट्यावरचा; अंगणातल्या धुराची नोंद कोणी घेत नाही.

आणि सरपण दाराशी पडलेले आहे. कापसाच्या एकरातून साधारण टनभर पऱ्हाटी निघते. फरदड, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेला कापूस, घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाला मुक्कामी राहते, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर लागतो आणि बऱ्याचदा तिथेच पेटवला जातो. मघाचा हिशेब इथे लावून पाहा. घरात रोज तीन बाल्ट्या पाणी. चुलीवर दिवसाला साडेचार किलो पऱ्हाटी, म्हणजे एका एकराची पऱ्हाटी सव्वासात महिन्यांत संपली. निम्मी उष्णता पाण्यात उतरवणारे साधन असेल तर दिवसाला नऊशे ग्रॅम, आणि तोच ढीग तीन वर्षे पुरतो. निम्मी हा आकडा मी गृहीत धरला आहे. तो गाठता येतो की नाही, कोणत्या नळ्याने, किती ओल्या काडीने, हाच तर शोध आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा विभाग आहे. पऱ्हाटीकडे इंधन म्हणून पाहणे आता नवलाचे राहिलेले नाही. पाण्यातल्या जाळाकडे पाहणे अजून आहे.

हे पुस्तक काय करू पाहते तेही सांगायला हवे. ते बंबाचे स्मरणरंजन नाही. तांब्याचा बंब आज घासून-पुसून दिवाणखान्यात छत्र्या ठेवायला वापरतात, त्यांना माझे काही म्हणणे नाही. पुस्तकात जुन्या बंबांची मापे आहेत : नळ्याचा व्यास, जाळीची भोके, पाण्याला टेकणारी भिंत किती. ती घेताना लक्षात आले की तांबट माप सांगत नाहीत, हात दाखवतात. मग त्या मापांवरून सुट्या शेगडीची रेखाटने आहेत, पत्र्याची जाडी आणि सांध्यांसकट. चुकलेली रेखाटनेही गाळलेली नाहीत. वाचणारा एखादा फॅब्रिकेटर असेल तर त्याला चुकांचाच उपयोग जास्त होईल.

पहिली चूक तर कागदावर कोणाला दिसलीच नव्हती. आठ इंची पाइपाची शेगडी केली, तळ बंद, शेजारून हवेची नळी, वजन बारा किलो. अंगणात दोनशे लिटरचा ड्रम भरला, शेगडी सोडली आणि ती तरंगली. दोन फूट पाण्यात बुडवायची तर ती जवळपास वीस लिटर पाणी बाजूला सारणार, म्हणजे पाणी तिला जवळपास वीस किलोने वर ढकलणार. शाळेत आर्किमिडीज शिकवून निवृत्त झालेले दोघेजण तिथे उभे होते, त्यांतला एक मी. शेगडी जरा डोलली, कलंडली, हवेच्या नळीतून गटगट पाणी प्याली आणि मग मात्र व्यवस्थित बुडाली.

दुसऱ्यांदा तळाला घरातला पाटा तारेने बांधला. पऱ्हाट्यांचे वीतभर तुकडे वरून सोडले. ती घुमू लागली, बंबासारखीच. बाजूच्या शेतातले सालदार बराच वेळ पाहत होते. जवळ येऊन त्यांनी ड्रमला हात लावला, धुराड्यात वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘हा त बंबच व्हय ना जी. भांडं तेवढं काढून घेतलं तुमीनं.’ मग घरून बाल्टी आणून त्यांनी त्यातलेच पाणी अंघोळीला नेले.

तो पाटा अजून कार्यशाळेतच आहे. घरात मिक्सर असल्यामुळे कोणी मागायला आलेले नाही.